मॅकवर विंडोजचे रेसिंग सिम: फ्रेमरेटच्या आधी चाकाचं बघा

वळणवेडा
एम-मालिकेतला (ॲपलच्या स्वतःच्या चिपचा) मॅक घेतलेल्यांचा एक प्रश्न सारखा येतो: "यावर असेटो कोर्सा (विंडोजचं गाडी-शर्यतीचं सिम, म्हणजे सिम्युलेटर गेम) चालेल का?" कुणी म्हणतं मस्त चालतो, कुणी म्हणतं नाद सोडा. दोघंही खरंच सांगत असतात. गेमपॅड हातात घेऊन एकट्याने लॅप मारणाऱ्याला जे पुरतं, ते व्हील (स्टिअरिंगसारखा कंट्रोलर) बसवून ऑनलाइन लीगमध्ये उतरणाऱ्याला पुरत नाही. विखुरलेली माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. भर घाला, चुकत असेल तिथे टोका.

मागचं थोडक्यात. इंटेल मॅकवर २००६ पासून बूट कॅम्प होतं. विंडोजमध्ये बूट करायचं, व्हीलचा ड्रायव्हर टाकायचा, खेळायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला आणि ती वाट बंद झाली. आता गेम एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेला आणि चिप एआरएम. शिवाय गेमला विंडोज हवी, चित्र काढायला डायरेक्टएक्स हवं. म्हणून मध्ये तीन थर येतात. रोझेटा २ प्रोसेसरच्या आज्ञा बदलून देतं, वाईन विंडोजच्या जागी उभं राहतं, आणि डायरेक्टएक्सचं मेटल (ॲपलची ग्राफिक्सची पद्धत) करायचं काम डी३डीमेटल, डीएक्सएमटी किंवा डीएक्सव्हीके-मोल्टनव्हीकेची जोडी करते. क्रॉसओव्हर या ॲपमध्ये हे सगळं एकत्र मिळतं आणि प्रत्येक बॉटलला (त्यातल्या वेगळ्या नकली विंडोजला) कोणता थर लावायचा ते निवडता येतं. १४ दिवसांची चाचणी आवृत्ती असते, ती आधी वापरून बघा. व्हिस्की नावाचं मोफत ॲप बरेच जण अजून सुचवतात, पण त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

जून २०२३ मध्ये ॲपलने गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, त्यातलं डी३डीमेटल क्रॉसओव्हरमध्येही आलं, आणि चित्राचा प्रश्न बऱ्यापैकी मिटला. मॅकओएस सिक्वोयापासून रोझेटाला एव्हीएक्स२ आज्ञाही समजू लागल्या. त्यामुळे आधी उघडताक्षणी बंद पडणारे काही गेम आता उघडतात.

अडतं ते दोन ठिकाणी: फोर्स फीडबॅक (व्हीलने हाताला दिलेला जोर) आणि अँटी-चीट (ऑनलाइन फसवणूक पकडणारा प्रोग्राम). यातल्या पहिल्याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडोजवर गेम डायरेक्टइनपुटमधून व्हीलच्या मोटरला सतत सांगत असतो, आत्ता या बाजूला इतका जोर लाव. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हलकं पडतं, आणि गाडी घसरताना डोळ्यांना दिसायच्या आधी ते हाताला कळतं. सिममधला वेगवान लॅप म्हणजे त्या हलकेपणाच्या अगदी काठावर राहणं. मॅकओएसमध्ये फोर्स फीडबॅकची सोय आहे, पण ती चालण्यासाठी त्या त्या उपकरणाचं प्लगइन लागतं. ते नसेल तर गेमने मागितलेला जोर व्हीलपर्यंत पोचतच नाही. स्टिअरिंगचा कोन आणि पेडल गेमला कळतात, गाडी वळते, पण उलट दिशेने हातात काहीच येत नाही. नुसता फ्रेमरेट दाखवणाऱ्या व्हिडिओत हे दिसत नाही, आणि माणूस त्यावर विसंबून सगळा संच जमवून बसतो.

म्हणून इथे प्रश्न विचारताना सिम कोणतं, व्हील कोणतं, ऑनलाइन खेळणार का, चिप आणि मेमरी किती, एवढं नक्की लिहा.

पाचवा_गिअर
छान धागा. माझ्याकडे एम२ एअर, १६ जीबी. क्रॉसओव्हरमध्ये असेटो कोर्सा, गेमपॅडवर. एकट्याने सराव करताना १०८०पीला अगदी गुळगुळीत चालतो. पण एआय गाड्या (संगणक चालवतो त्या) वीसच्या वर नेल्या की गाडी पाण्यातून चालल्यासारखी होते आणि सीपीयू ऑक्युपन्सी ९९ टक्क्यांच्या वर गेल्याची सूचना स्क्रीनवर येते. ग्राफिक्स कमी करूनही फरक नाही. एअरला पंखा नाही म्हणून असं होतं का?

वळणवेडा
पंख्याचा हात आहे, पण दुय्यम. तापल्यामुळे होत असतं तर रेसच्या सुरुवातीला ठीक आणि नंतर बिघाड असं दिसलं असतं. तुम्हाला पहिल्या वळणापासूनच दिसत असेल, बरोबर?

असेटो कोर्साचं फिजिक्स सेकंदाला ३३३ वेळा चालतं. म्हणजे एका आवर्तनाला जेमतेम ३ मिलिसेकंद. तेवढ्यात मैदानातल्या सगळ्या गाड्यांचे टायर, सस्पेन्शन, एरो यांचं गणित उरकायचं. ते वेळेत उरकलं नाही की ती सूचना येते आणि गेममधला काळ खऱ्या काळाच्या मागे पडतो. हे सगळं सीपीयूचं काम, आणि रोझेटाचा भुर्दंड नेमका तिथेच बसतो. ग्राफिक्स कमी करून जीपीयू मोकळा झाला तरी या रांगेत त्याचा उपयोग नाही. अपवाद आरसे आणि सावल्यांचा, त्यांचा भार सीपीयूवरही येतो. ते दोन कमी करा, गाड्या बारा-पंधरावर आणा आणि मग एकेक वाढवत जा. मेटलचा एचयूडी (स्क्रीनवर आकडे दाखवणारी पट्टी) चालू करून जीपीयूला एका फ्रेमला किती वेळ लागतोय तेही बघा. तो आकडा छोटा असून सूचना येत असेल तर गाठ सीपीयूशीच आहे.

बॉटलबंद
असेटो कोर्सावाल्यांसाठी एक भर, कारण मोड्सशिवाय (चाहत्यांनी केलेल्या भरींशिवाय) हा गेम कुणी खेळत नाही.

कंटेंट मॅनेजर हा मोड्स सांभाळणारा लाँचर डब्ल्यूपीएफवर (विंडोजची ॲप बनवायची पद्धत) बनवलेला आहे. त्याला मायक्रोसॉफ्टचं मूळ डॉटनेट फ्रेमवर्क लागतं, वाईनबरोबर येणारं मोनो पुरत नाही. त्यामुळे आधी त्याच बॉटलमध्ये डॉटनेट ४.८ टाका. मूळ गेम एकदा साध्या लाँचरमधून सुरू करून बंद करा, म्हणजे डॉक्युमेंट्समधलं त्याचं फोल्डर तयार होतं. मग कंटेंट मॅनेजर.

आता खरी मेख. कस्टम शेडर्स पॅच हा मोड गेमच्या फोल्डरमध्ये 'डीराईट' नावाची डीएलएल फाइल ठेवतो (स्पेलिंग डी, डब्ल्यू, आर, आय, टी, ई) आणि गेम सुरू होताना तिच्या नावाखाली आत शिरतो. वाईनकडे याच नावाची स्वतःची डीएलएल असते आणि सांगितलं नाही तर वाईन तीच उचलतं. मग होतं असं की पॅच बसलेला दिसतो, एरर कुठेच नाही, पण रात्र पडत नाही की नवे दिवे लागत नाहीत. उपाय सोपा आहे. त्या बॉटलचं वाईन कॉन्फिगरेशन उघडा, लायब्ररीजच्या टॅबवर हे नाव जोडा आणि 'नेटिव्ह, मग बिल्ट-इन' असा क्रम द्या. गेम पुन्हा सुरू केला की पॅच जागा होतो.

अजून एक. टेलिमेट्रीची (गाडीच्या वेग-ब्रेकच्या नोंदींची) किंवा लॅप टायमिंगची ॲप्स शेअर्ड मेमरीतून गेमची माहिती वाचत असतील तर ती गेमच्याच बॉटलमध्ये टाका. दोन बॉटल म्हणजे दोन वेगळ्या विंडोज, एकीची मेमरी दुसरीला दिसत नाही.

पाचवा_गिअर
@वळणवेडा, हो, पहिल्या वळणापासूनच होतं. आरसे आणि सावल्या उतरवल्या, चौदा गाड्या. सूचना गेली. आभार! @बॉटलबंद, डीराईटचं आज रात्री करतो.

गतिरोधक
माझा प्रश्न सरळ आहे. एम३ प्रो, व्हील लॉजिटेकचं जी२९, खेळायचं आयरेसिंग (ऑनलाइन शर्यतींचं सिम). मित्रांची लीग तिथेच आहे. जमेल का?

वळणवेडा
स्पष्टच लिहितो, मॅकवर नाही. आयरेसिंगला ईझी अँटी-चीट आहे. हे खऱ्या विंडोजच्या आत खोलवर बसून तपासतं आणि वाईनमध्ये त्याला ती विंडोज सापडत नाही. लिनक्सवर निर्मात्याने परवानगी दिली तर प्रोटॉनमधून (तिथला विंडोज गेम चालवणारा थर) ईझी अँटी-चीट चालू शकतं, ती सोय २०२१ मध्ये आली, पण तिचा मॅकवरच्या वाईनशी संबंध नाही. ईएच्या एफ१ २३ आणि पुढच्या भागांना, तसंच २०२४ पासून ईएच्या डब्ल्यूआरसीला, ईएचं स्वतःचं अँटी-चीट आहे. त्यांचंही उत्तर हेच.

यावर कुणी जुगाड सुचवला तर करू नका. अँटी-चीटला चकवण्याचा प्रयत्न पकडला गेला तर खातंच बंद होतं, आणि आयरेसिंगमध्ये खातं म्हणजे मेहनतीने मिळवलेली लायसन्स, रेटिंग आणि विकत घेतलेल्या गाड्या. तुमचे मित्र आयरेसिंग सोडणार नसतील तर तुम्हाला विंडोजचं मशीन लागेल.

लीग बदलता येत असेल तर असेटो कोर्सा, असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, ऑटोमोबिलिस्टा २ यांच्यात असलं अँटी-चीट आडवं येत नाही.

अप्पा_टर्बो
वळणवेडा, तुम्ही व्हर्च्युअल मशीनचा (मॅकच्या आत आख्खी विंडोज चालवण्याचा) विषय पूर्ण टाळलात. पॅरलल्स या ॲपमध्ये विंडोज ११ एआरएम रीतसर चालते, २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तशी अधिकृत मान्यताही दिली. यूएसबीवरून व्हील थेट विंडोजला जोडून देता येतं. म्हणजे तुमचा प्लगइनचा मुद्दाच निकालात निघतो. मी स्वतः कॉम्पिटिझिओने असा खेळतो आणि फोर्स फीडबॅक हाताला व्यवस्थित येतो.

वळणवेडा
अप्पा, टाळला नाही, वेगळ्या प्रतिसादात लिहिणार होतो. बरं झालं काढलात. तुमचं व्हील कोणतं?

अप्पा_टर्बो
डायरेक्ट ड्राइव्ह बेस (चाक थेट मोटरवर बसतं तो) आहे. ड्रायव्हर टाकावा लागला नाही, जोडला आणि विंडोजने ओळखला.

वळणवेडा
तिथेच सगळं आहे. काही बेस यूएसबीच्या प्रमाणित फोर्स फीडबॅक वर्गात बसतात, एचआयडी पीआयडी म्हणतात तो. ओपनएफएफबोर्डसारखे घरी जुळवायचे कंट्रोलरही त्यातलेच. अशा बेसना विंडोजचा अंगचा ड्रायव्हर पुरतो, आणि तो एआरएमवरही आहे. पण ज्या व्हीलला निर्मात्याचा स्वतःचा कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) लागतो, त्याची एआरएम आवृत्ती नसेल तर तिथे थांबायचं. विंडोज एआरएम साधे एक्स८६ प्रोग्राम भाषांतर करून चालवते, कर्नल ड्रायव्हर चालवत नाही. सेटिंगचं ॲप उघडतं, मेनू दिसतात, आणि व्हील मात्र मुकं राहतं, ते यामुळे.

जी२९च्या घराण्याचं आणखी एक आहे. ही व्हील्स जोडल्या जोडल्या जुन्या मॉडेलचं सोंग घेऊन उभी राहू शकतात. पूर्ण मोडमध्ये यायला संगणकाकडून खास आज्ञा लागते. ती मिळाली नाही तर पूर्ण ९०० अंश मिळत नाहीत. त्यामुळे 'व्हील ओळखलं' एवढ्यावर खूश होऊ नका. कॅलिब्रेशनच्या पानावर जाऊन पूर्ण फिरवून बघा, तिन्ही पेडल वेगवेगळे दिसतात का बघा, आणि मग एखादा कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) चढून जोर हातात येतो का ते बघा.

पॅरलल्सच्या मर्यादाही लिहून ठेवू. डायरेक्टएक्स ११ पर्यंतच मजल आहे, १२ मागणारे नवे सिम तिथे उघडणार नाहीत. मेमरी दोन घरांत वाटली जाते, १६ जीबीतली निम्मी विंडोजला दिली की मॅककडे निम्मीच. आणि अँटी-चीट असलेले सिम बहुधा व्हर्च्युअल मशीन ओळखून दार लावतात, म्हणून गतिरोधकांचा प्रश्न याने सुटत नाही. पण प्रमाणित वर्गातला बेस आणि डायरेक्टएक्स ११चा सिम, एवढ्या चौकटीत अप्पांची पद्धत क्रॉसओव्हरपेक्षा चांगली आहे हे मान्य.

अप्पा_टर्बो
पटलं. माझा बेस त्या वर्गातला आहे हे मला आज कळलं. यूटीएम हे व्हर्च्युअल मशीनचं ॲप मोफत आहे म्हणून कुणी विचारेल, तर त्यात विंडोजला थ्रीडी ग्राफिक्सचं बळ मिळत नाही. सिमसाठी उपयोग शून्य. व्हीएमवेअर फ्यूजनही आता मोफत आहे आणि त्यात डायरेक्टएक्स ११ आहे, ते आधी बघा.

निमिषार्ध
क्लाउडचं काय, म्हणजे गेम लांबच्या सर्व्हरवर आणि इकडे नुसतं चित्र? जीफोर्स नाऊचं मॅकसाठी ॲप आहे. एवढे सगळे थर कशाला?

वळणवेडा
गेमपॅडवर खेळणार असाल तर क्लाउड हा खरंच चांगला पर्याय आहे. फक्त असेटो कोर्साचे मोड्स तिथे विसरा. व्हीलचा प्रश्न वेगळा, आणि तो नुसता व्हील ओळखण्याचा नाही.

फोर्स फीडबॅक ही बंद साखळी आहे. तुम्ही चाक हलवता, कोन गेमला कळतो, गेम जोर काढतो, मोटर तो लावते, त्याने चाक हलतं, पुन्हा कोन बदलतो. ही साखळी लांबच्या सर्व्हरवरून फिरून आली की मोटरला मिळणारा जोर मघाच्या कोनासाठीचा असतो. चाक मध्याच्या डावीकडे होतं तेव्हाचा उजवीकडचा धक्का, चाक मध्य ओलांडून गेल्यावर येऊन बसतो आणि त्याला अजून पुढे ढकलतो. सरळ रस्त्यावर हात सैल केले की चाक डावी-उजवीकडे डुलायला लागतं, आणि डायरेक्ट ड्राइव्हची ताकद असेल तर ते मनगटाला धोक्याचं आहे. डॅम्पिंग वाढवून डुलणं थांबवता येतं, पण मग टायरचा तो हलकेपणाही त्यात बुडतो.

त्यामुळे दुसऱ्या मशीनवर गेम चालवून मॅकवर चित्र बघायचं असेल तर ते मशीन घरातच ठेवा आणि व्हील त्या मशीनलाच लावा. चित्र पाठवणारं सनशाइन तिकडे, ते दाखवणारं मूनलाइट मॅकवर. साखळी तिकडच्या यूएसबीपुरतीच राहते, नेटवर्कवरून फक्त चित्र आणि आवाज येतात. चित्र किंचित उशिरा येतं, पण हात खरं तेच सांगतात. वायरने जोडा, वायफायवर नको.

गतिरोधक
म्हणजे माझ्यासाठी हाच मार्ग. विंडोजचं मशीन रिगजवळ (खुर्ची-व्हीलच्या सांगाड्याजवळ), आयरेसिंग त्यावर. पण मग मॉनिटरही त्यालाच लावला तर मॅक मध्ये येतोच कशाला?

वळणवेडा
येत नाही. मॉनिटर त्यालाच लावा. मॅकवर लीगचं वेळापत्रक, व्हॉइस चॅट आणि लॅपचं विश्लेषण ठेवा. मॅकचा मोठा डिस्प्लेच वापरायचा हट्ट असेल तेवढ्यासाठीच मूनलाइट.

जुना_गडी
माझा अनुभव उलटा आहे आणि कारण कळत नाहीये. कॉम्पिटिझिओनेसारखा जड सिम चालतो, पण रिचर्ड बर्न्स रॅली, २००४ चा गेम, तो धापा टाकतो. इतका जुना गेम तर फोनवरही पळायला हवा.

बॉटलबंद
जुना आहे म्हणूनच. त्या काळातले ३२-बिट गेम दशांशांचं गणित एक्स८७ नावाच्या जुन्या पद्धतीने करतात, ८० बिटांच्या आकड्यांवर. एआरएम चिपमध्ये ८० बिटांचं हे गणित करणारं हार्डवेअरच नाही, त्यामुळे रोझेटाला प्रत्येक बेरीज-गुणाकार सॉफ्टवेअरमध्ये पायरी पायरीने सोडवावा लागतो. साध्या गेमला हे जाणवत नाही, पण रॅली सिमचं फिजिक्स म्हणजे निव्वळ तेच गणित. नवे ६४-बिट गेम एसएसई ही नंतरची पद्धत वापरतात, त्याच्या आज्ञा एआरएमच्या आज्ञांवर जवळजवळ थेट बसतात. म्हणून जड कॉम्पिटिझिओने पळतो आणि हलका रिचर्ड बर्न्स धापा टाकतो. रिझोल्यूशन कमी करून काही होणार नाही.

जुना_गडी
इतक्या दिवसांचं कोडं सुटलं. मनापासून आभार.

निमिषार्ध
मॅकसाठीच बनवलेलं काही नाहीच का?

वळणवेडा
आहे, थोडं आणि जुनं. फेरल या कंपनीने २०१७ मध्ये डर्ट रॅली आणि एफ१ २०१७ मॅकवर आणले. दोन्ही मेटलवर चालतात. डर्ट रॅली आजही घ्यावा असा आहे, खडीवर गाडी सोडायची कशी हे तो प्रामाणिकपणे शिकवतो. मात्र दोन्ही इंटेलसाठी बांधलेले, म्हणजे रोझेटावर अवलंबून. ॲपलने २०२५ मध्ये सांगितलंय की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील, त्यानंतर फक्त जुन्या, देखभाल थांबलेल्या गेमपुरता त्याचा काही भाग ठेवला जाईल. आपले बहुतेक सिम याच पायावर उभे आहेत. म्हणून मॅकओएसची मोठी आवृत्ती आली की लगेच अपडेट करू नका. आधी आपलं सिम आणि क्रॉसओव्हर त्यावर चालतंय का याची खात्री करा, विशेषतः लीगचा हंगाम मध्यावर असताना.

व्हीआरबद्दल निरोपातून विचारणा झाली म्हणून इथेच लिहितो. स्टीमव्हीआरने मॅकला २०२० मध्येच रामराम केला. हेडसेट लावून खेळायचं असेल तर विंडोज.

तीन_पडदे
तीन मॉनिटर लावता येतील का? एम४ मॅक मिनी आहे, व्हील नाही, गेमपॅडच वापरतो. सिम असेटो कोर्सा, ऑफलाइन.

वळणवेडा
एम४ मिनी तीन डिस्प्ले चालवतो, त्यामुळे जोडणीत अडचण नाही. लॅपटॉपवाल्यांनी मात्र चिप बघावी. साधे एम१ आणि एम२ लॅपटॉप एकच बाहेरचा डिस्प्ले घेतात, एम३ झाकण मिटल्यावर दोन घेतो, प्रो आणि मॅक्सचं वेगळं आहे.

विंडोजवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर तीन पडद्यांचा एक रुंद पडदा करून देतो, मॅकओएसमध्ये तसं काही नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप आणि डॉकच्या पानावर, मिशन कंट्रोलखाली, प्रत्येक डिस्प्लेला वेगळी स्पेस देणारा पर्याय आहे. तो बंद करून लॉगआउट करून परत या, म्हणजे एकच खिडकी तिन्ही पडद्यांवर पसरवता येते. गेम विंडोड मोडमध्ये आणि रुंदी तिन्हींची बेरीज. पण पिक्सेल तिप्पट होतात आणि साध्या एम४च्या जीपीयूला ते जड जाईल. तिन्ही १०८०पीचे असतील तर बघा, १४४०पीचे असतील तर एकच मॉनिटर डोळ्यांजवळ आणा आणि व्ह्यूचा कोन त्या अंतराप्रमाणे मोजून लावा.

तीन_पडदे
१४४०पीचेच आहेत. मग मधला एकच जवळ ओढतो. मोजायचं अंतर डोळ्यापासून काचेपर्यंतच ना?

वळणवेडा
हो, डोळ्यापासून काचेपर्यंत, खेळायच्या पवित्र्यात बसून. मोजताना दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा, स्वतः वाकून मोजलं की आकडा कमी येतो. मॉनिटरची रुंदी फ्रेम सोडून घ्या. असेटो कोर्साला उभा कोन हवा असतो, त्यामुळे कॅल्क्युलेटरमधून आडवा आकडा आला तर तो तसाच टाकू नका.